प्लग-इन हायब्रिड: थंड इंजिन लागताना येणारा हादरा, तपासाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४: तक्रार

गाडी प्लग-इन हायब्रिड. चार सिलिंडरचं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरच्या आत नाही, त्याच्या हवेच्या वाटेत, म्हणजे इनटेक पोर्टमध्ये फवारलं जातं), ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा एक्झॉस्टचा वायू गार करणारा भाग), आणि दोन मोटर-जनरेटरचा पॉवर-स्प्लिट गिअरबॉक्स. रोजचा बराचसा प्रवास बॅटरीवर होतो, इंजिन अधूनमधूनच लागतं.

रात्रभर उभ्या गाडीत इंजिन पहिल्यांदा लागलं की सहा-सात सेकंद अख्खी गाडी हादरते. गिअरबॉक्सच्या बाजूने खडखड येते, मग एकदम सगळं सुरळीत. चेक इंजिनचा दिवा नाही, साठवलेला कोडही नाही.

खडखडीचा आवाज मोठा असल्यामुळे संशय आधी गिअरबॉक्सवर जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये स्प्रिंगचा टॉर्शनल डॅम्पर असतो. एक सिलिंडर पेटला नाही की इंजिनचा फिरण्याचा जोर झटक्याझटक्याने येतो आणि डॅम्परच्या स्प्रिंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटतात. आवाज तिथून येतो म्हणून दोष तिथेच आहे असं धरू नये. डॅम्पर बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे तो यादीत सगळ्यात शेवटी.

कोड का पडला नाही तेही पाहू. गाडीचा संगणक मिसफायरची, म्हणजे सिलिंडर न पेटण्याची, टक्केवारी इंजिनच्या ठरावीक फेऱ्यांच्या गटात काढतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) बचावासाठी २०० फेऱ्यांचा गट असतो, उत्सर्जनाच्या निकषासाठी १,००० फेऱ्यांचा. १,२६० आरपीएमला सात सेकंदांत इंजिनच्या १४७ फेऱ्या होतात. त्यातल्या काही ठिणग्या वाया गेल्या तरी १,००० फेऱ्यांच्या हिशेबात ते प्रमाण विरघळून जातं. दिवा नाही म्हणून मिसफायर नाही, असं म्हणता येत नाही.

या कामातली खरी अडचण वेगळीच आहे. थंड सुरुवात दिवसातून एकदाच मिळते. एक भाग बदलून पाहिला आणि उत्तर मिळालं नाही, तर अख्खी रात्र वाया. म्हणून प्रत्येक रात्रीला नेमका प्रश्न ठरवायचा, आणि जमल्यास एका रात्रीत दोन प्रश्न विचारायचे.

३ डिसेंबर: सुरू करण्याची ठरलेली रीत

रोजची सुरुवात सारखी नसेल तर आकड्यांची तुलना फुकट. ठरवलेलं असं:

- इंजिन मेंटेनन्स मोडनेच (तपासणीसाठी इंजिन सलग चालू ठेवणाऱ्या सोयीने) लावायचं, गाडी पी मध्ये, हँडब्रेक लावलेला. अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन जागं करायचं नाही. त्याने थंड इंजिनवर एकदम भार येतो, आणि तो भार रोज वेगळा असतो.
- बॅटरीचा चार्ज ६० ते ७० टक्के. चार्ज फार कमी असेल तर गाडी लगेच इंजिनकडून वीज काढायला लागते आणि हादऱ्याचं रूप बदलतं.
- कूलंटचं तापमान आणि बाहेरचं तापमान यांत ३ अंशांपेक्षा जास्त फरक नको.
- हीटर, एसी बंद. चार्जिंगचा आणि केबिन गरम करण्याचा टायमर रद्द.
- चार्जिंगची केबल आदल्या रात्रीच काढलेली.

मोजायला स्कॅनर आणि त्वरणमापक. त्वरणमापक चालकाच्या सीटच्या रुळाच्या बोल्टवर घट्ट बसवला. गालिच्यावर किंवा डॅशबोर्डवर ठेवला तर त्या वस्तूचीच थरथर मोजली जाते. नमुने सेकंदाला किमान २००. फोनमधला सेन्सर सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं काही दिसत नाही आणि ४२ हर्ट्झ जेमतेम पकडला जातो.

स्कॅनरवर सहाच आकडे निवडले: आरपीएम, कूलंटचं तापमान, इग्निशनचा कोन, दोन्ही फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलच्या मापात करतो त्या दुरुस्त्या: तात्पुरती शॉर्ट टर्म आणि शिकलेली लाँग टर्म) आणि इंधन प्रणालीची स्थिती. वीस आकडे एकदम मागितले की प्रत्येकाची नोंद दोन-तीन सेकंदांनी येते, आणि इथे सगळा खेळच सात सेकंदांचा आहे.

सुरक्षेचं एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या प्रत्येक नोंदीला ते लागू आहे. रेडीचा दिवा लागलेला असताना इंजिन कुठल्याही क्षणी आपोआप लागतं. हात पट्ट्याजवळ असेल तर बोट जाईल. बॉनेटखाली हात घालण्याआधी गाडी बंद, चावी गाडीपासून लांब, चार्जिंगची केबल काढलेली, १२ व्होल्ट बॅटरीचं ऋण टोक सुटं. केबल लावलेली असताना गाडी बंद दिसली तरी आतली उच्च व्होल्टेजची यंत्रणा जागी असू शकते. नारंगी केबलला या कामात हात लावायची गरज नाही. लागलीच, तर सर्व्हिस प्लग (उच्च व्होल्टेजची बॅटरी तोडणारा) काढून, १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून, इन्व्हर्टरचे कपॅसिटर उतरायला पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून आणि मीटरने शून्य पाहूनच.

४ डिसेंबर: पहिलं मोजमाप

बाहेर ११ अंश. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही. जनरेटरच इंजिनला सेकंदाच्या आत साधारण १,००० आरपीएमपर्यंत फिरवतो, मग इंधन आणि ठिणगी सुरू होते. त्यामुळे साध्या गाडीत ऐकू येणारी 'घर्र घर्र करून अडखळत लागणं' ही खूण इथे मिळतच नाही.

इंजिन १,२६० आरपीएमवर स्थिरावलं. म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) सेकंदाला २१ वेळा फिरतोय. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेरीत दोन सिलिंडर पेटतात, तेव्हा ४२ हर्ट्झची थरथर ही पेटण्याची नेहमीची. एक ठरावीक सिलिंडर चुकत असेल तर ती चूक दर दोन फेऱ्यांनी परत येते, म्हणजे १०.५ हर्ट्झ. नुसता समतोल बिघडला असेल तर २१ हर्ट्झ वाढायला हवा.

आलेखात पहिले सात सेकंद १०.५ हर्ट्झचा सुळका सगळ्यात उंच. २१ वर काही खास नाही. ४२ वरचा मात्र शांत झाल्यावरही अपेक्षेपेक्षा उंच राहिला. त्याची वेगळी नोंद करून ठेवली, आत्ता त्यामागे लागायचं नाही.

स्कॅनरच्या मोड ०६ मध्ये प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर आकडा असतो: ए२ ते ए५ हे अनुक्रमे सिलिंडर १ ते ४. त्यातला ०सी हा आकडा चालू किंवा नुकत्याच संपलेल्या फेरफटक्याचा, ०बी हा मागच्या दहा फेरफटक्यांची सरासरी. ०सी वाचन: सिलिंडर ३ मध्ये ३१, बाकी तिन्हीत शून्य किंवा एक. सात सेकंदांत त्या सिलिंडरची पेटण्याची पाळी ७३ वेळा येते, म्हणजे बऱ्याच पाळ्या चुकल्या. हायब्रिडमध्ये मोटर उलट जोर लावून हादरे शमवत असते आणि संगणक क्रँकच्या वेगातल्या चढउतारावरूनच मिसफायर ओळखतो, म्हणून ३१ हा आकडा किमान समजायचा.

५ डिसेंबर: तीन संशयित, तीन वेगळी भाकितं

एकाच सिलिंडरमध्ये, फक्त थंड असताना, काही सेकंदच मिसफायर. म्हणजे रात्रभरात सिलिंडर ३ किंवा त्याच्या इनटेक पोर्टमध्ये काहीतरी जमतंय आणि थोड्या वेळात जळून किंवा उडून जातंय. काय जमतंय?

पहिला संशयित, पाणी. क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या, तेलाच्या भागातून) आणि ईजीआरमधून आलेली वाफ मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) थंड होऊन साचते. इंजिन थोडा वेळच चालून बंद पडत राहिलं की हे वाढतं, आणि प्लग-इन हायब्रिडचं इंजिन नेमकं तसंच चालतं.

दुसरा, कूलंट. हेड गॅस्केटला (सिलिंडरांचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलला) बारीक वाट पडली असेल तर गरम इंजिन बंद केल्यावर कूलिंग सिस्टिममधला उरलेला दाब कूलंटला सिलिंडरमध्ये ढकलतो. हायब्रिडचं इंजिन सकाळी हादरतं म्हटलं की बहुतेक जण थेट इथेच येतात आणि हेड उतरवण्याच्या गोष्टी सुरू होतात.

तिसरा, पेट्रोल. इंजेक्टरची सीट घट्ट बसत नसेल तर इंजिन बंद झाल्यावर थेंब पोर्टमध्ये गळतो आणि पुढच्या वेळी प्लग ओला होतो.

लक्षणं तिघांची जवळपास सारखी. बोरस्कोपने (प्लगच्या भोकातून आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) पाहिलं तरी पिस्टनचा माथा कूलंटनेही धुतला जातो आणि पेट्रोलनेही. प्लग-इन हायब्रिडमध्ये मात्र एक सोय आहे: गाडी हवी तितकी बॅटरीवर चालवता येते, त्यामुळे इंजिन किती तापवायचं आणि नंतर किती दिवस निजवायचं हे आपल्या हातात असतं. तिघांची भाकितं इथे फुटतात.

- इंजिन दोनच मिनिटं चालवून रात्रभर ठेवलं: पाणी असेल तर हादरा वाढेल. कूलंट किंवा पेट्रोल असेल तर कमी होईल, कारण इंजिन तापलंच नाही: ना कूलिंग सिस्टिममध्ये दाब चढला, ना पेट्रोल तापून फुगलं.
- अर्धा तास पूर्ण गरम चालवून रात्रभर ठेवलं: पाणी असेल तर कमी, उरलेल्या दोन्हीत जास्त.
- गरम चालवून चार दिवस निजवलं: कूलंटमधला ग्लायकॉल सहजी उडत नाही, म्हणून हादरा तसाच राहील. पेट्रोल उडून जाईल आणि हादरा ओसरेल.

६ ते १४ डिसेंबर: निकाल

गरम चालवण्याच्या पहिल्या रात्रीला आणखी एक प्रश्न जोडला. सिलिंडर ३ ची कॉइल सिलिंडर १ वर, सिलिंडर ३ चा प्लग सिलिंडर २ मध्ये, इंजेक्टर जागच्या जागी. हादरा किती हा एक प्रश्न, कुठल्या सिलिंडरमध्ये हा दुसरा. एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून एकाच सकाळी दोन्हींची उत्तरं मिळतात. मिसफायर १ वर गेला तर कॉइल, २ वर गेला तर प्लग, ३ वरच राहिला तर इंजेक्टर, गॅस्केट, झडप किंवा मॅनिफोल्ड.

- गरम, ८८ अंश, अर्धा तास, रात्रभर: मिसफायर ३४, सगळे सिलिंडर ३ मध्येच. कॉइल आणि प्लग सुटले.
- दोन मिनिटं, कूलंट ४१ अंशांपर्यंतच, रात्रभर: मिसफायर ३. सीटवर जेमतेम जाणवलं.
- गरम बंद केल्यावर एक तासाने, कूलंट ६२ अंश: मिसफायर १२.
- गरम बंद करून चार दिवस फक्त बॅटरीवर: मिसफायर ७.

पाणी यादीतून गेलं. थोडा वेळ चालवल्यावर हादरा वाढायला हवा होता, तो जवळपास नाहीसा झाला. चार दिवसांनी ओसरणं पेट्रोलच्या बाजूने बोलतं. पण कूलंटही चार दिवसांत रिंगांमधून खाली तेलात झिरपू शकतं, तेव्हा एवढ्यावर गॅस्केटला निर्दोष ठरवणं घाईचं होईल.

१५ डिसेंबर: कूलंटचा दाब आणि बोरस्कोप

रात्री थंड इंजिनवर हातपंपाने टाकीच्या तोंडातून दाब दिला, झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतकाच: १.१ बार. त्यापेक्षा जास्त दिला तर धडधाकट होजची जोडणीही गळायला लागते. दहा मिनिटांची चाचणी या दोषाला पुरत नाही, रात्रभर ठेवायची. सकाळी १.०५ बार. रात्रीत हवा ६ अंशांनी गार झाली, त्यात एवढी घट येते.

एक साधी खूणही पाहिली. आधीच्या दिवसांत रात्रभर थंड झालेल्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना 'फुस्स' झालं नाही. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर थंड इंजिनातही दाब उरलेला असतो. गरम असताना मात्र झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं कूलंट अंगावर येतं.

बोरस्कोपसाठी आदल्या संध्याकाळी इंजिन परत गरम करून ठेवलं होतं. प्लगच्या विहिरी आधी हवेने साफ केल्या, नाहीतर तिथली वाळू सिलिंडरमध्ये जाते. चारही प्लग काढून, गाडी बंद ठेवून, क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने सावकाश फक्त फिरण्याच्या दिशेने फिरवला आणि प्रत्येक पिस्टन खाली आणून पाहिला.

सिलिंडर १, २, ४: माथ्यावर सारखा करडा-तपकिरी थर, कोरडा. सिलिंडर ३: इनटेक झडपांच्या बाजूला थर धुतला जाऊन धातू चमकतोय, कडेला ओलसर कडी. लांब काडीला कापूस गुंडाळून ओल टिपली. कापूस पांढराच राहिला, रंग आला नाही, चिकट नाही, वास स्वच्छ पेट्रोलचा, आणि काही मिनिटांत सुकला. कूलंट असतं तर बोटाला बुळबुळीत लागलं असतं आणि सुकलं नसतं. सिलिंडर ३ च्या प्लगचं पोर्सेलिन काळं, काजळी मऊ आणि कोरडी, बाकीचे फिकट.

डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या ६ मिमी वर, आणि त्यालाही पेट्रोलचा वास. गळलेलं पेट्रोल रिंगांमधून तेलात जातंय. नेहमीच्या गाडीत तेल रोज तापतं आणि ते उडून जातं. इथे इंजिन क्वचित चालतं, म्हणून साठत गेलं.

१६ डिसेंबर: फ्युएल ट्रिम इतके दिवस गप्प का

गळका इंजेक्टर ट्रिममध्ये दिसायला हवा होता. गळती दर सेकंदाला ठरावीक असते, म्हणून इंजिनला पेट्रोल कमी लागतं तेव्हा, म्हणजे आयडलवर (भाराविना नुसतं चालू असताना), तिचा वाटा मोठा, भारावर नगण्य. पण हायब्रिडचं गरम इंजिन आयडलवर राहतच नाही, बंद होतं. रस्त्यावर घेतलेल्या नोंदीत दोन्ही ट्रिम मिळून उणे ३ टक्के दिसत होते, म्हणजे काहीच नाही.

मेंटेनन्स मोडमध्ये गरम इंजिन दहा मिनिटं आयडलवर ठेवलं: उणे ११ टक्के. २,५०० आरपीएमला उणे ३. नमुना गळतीचाच.

यातून हादऱ्याचा आणखी एक धागा सुटतो. ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी पाहतो. सिलिंडर ३ जास्त पेट्रोल खातोय म्हणून संगणक चौघांचंही पेट्रोल कापतो. ३ अजूनही ओला, बाकी तिघे थोडे उपाशी. लाँग टर्म ट्रिम थंड सुरुवातीलाही लागू होतो, तेव्हा उरलेल्या तीन सिलिंडरचं जळणंही थोडं खडबडीत होतं.

१७ डिसेंबर: रेलचा दाब

रेल म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी सामाईक नळी. आधी दाब उतरवला: फ्युएल पंपाचा रिले काढून मेंटेनन्स मोडमध्ये इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, मग १२ व्होल्टचं ऋण टोक सोडलं. जोडणी उघडताना खाली फडकं, शेजारी अग्निशामक, जागा उघडी, आसपास ठिणगी नाही. रेल आणि टाकीकडची नळी यांच्यामध्ये कॉक असलेलं गेज बसवलं. इथल्या नायलॉनच्या नळ्या पकडीने चिमटून बंद करता येत नाहीत, तडकतात. कॉकवालं गेजच लागतं.

गरम बंद केल्यावर, कॉक उघडा: सुरुवातीला ३.२ बार, पाच मिनिटांनी २.२, वीस मिनिटांनी ०.६, तासाभरात शून्य. या इंजिनच्या पुस्तिकेतला निकष पाच मिनिटांनी किमान १.५ बार असा आहे, म्हणजे कागदावर ही गाडी पास होते. बारीक गळतीला हा निकष अपुरा पडतो. तासभर गेजकडे पाहत बसावंच लागतं.

दाब कुठून जातोय, पंपाच्या चेक व्हॉल्व्हमधून (पेट्रोल परत जाऊ न देणाऱ्या झडपेतून) टाकीकडे की इंजेक्टरमधून? थंड इंजिनवर स्कॅनरने पंप चालवून रेल भरली, ३.२ बारला पंप बंद केला आणि लगेच कॉक बंद. पंचवीस मिनिटांत १ बारच्या खाली. टाकीचा रस्ता बंद असताना दाब गेला, म्हणजे तो रेलच्याच बाजूने गेला. कॉक बंद ठेवून ही चाचणी गरम इंजिनवर करू नये. तापणाऱ्या पेट्रोलला फुगायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक चढतो.

गरम चालवल्यावरच हादरा का, त्याचं उत्तर याच फुगण्यात आहे. द्रव जवळपास दबत नाही, म्हणून नुसता ३ बार दाब शून्यावर यायला रेलमधून अगदी किंचित पेट्रोल जावं लागतं. तेवढ्याने प्लग ओला होणार नाही. पण पेट्रोल दर अंशाला हजारात साधारण एक भाग फुगतं. रेल आणि नळी मिळून ८० मिली धरलं आणि गरम इंजिनवर बसून ते ३५ अंशांनी तापलं, तर फुगवटा पावणेतीन मिलीच्या आसपास येतो. घट्ट इंजेक्टर असतील तर हा फुगवटा रिलीफ व्हॉल्व्हने टाकीकडे जातो. सीट गळकी असेल तर त्यातला वाटा थेट पोर्टमध्ये उतरतो. दोन मिनिटं चाललेलं इंजिन रेलला तापवत नाही, म्हणून त्या सकाळी हादरा नव्हता.

१८ डिसेंबर: इंजेक्टर बेंचवर

रेल इंजेक्टरांसकट वर काढली. पोर्टची तोंडं लगेच स्वच्छ फडक्याने बंद केली आणि इंजेक्टरांवर १ ते ४ क्रमांक टाकले. रेल गाडीतच लटकवून पंप चालवून थेंब पाहण्याची पद्धत प्रचलित आहे. ती टाळली, कारण उघडं पेट्रोल आणि चालू वीज एकाच जागी येतात. बेंचवर न पेटणाऱ्या चाचणी-द्रवाने, ३.२ बारला पाहिलं.

१, २, ४: बारा मिनिटांत टोकाला थेंब नाही. पुस्तिका तेवढ्या वेळात एक थेंब चालवून घेते. ३: पहिल्याच मिनिटात टोक ओलं, थेंब फुगत फुगत पडला, लगेच दुसरा धरू लागला.

पंधरा सेकंदांची फवारणी: १, २, ४ मध्ये ६६ ते ६८ मिली, ३ मध्ये ६९. म्हणजे उघडल्यावर तो ठीक काम करतोय, फक्त मिटत नाही. नुसती फवारणी मोजून इंजेक्टर पास केला तर हा दोष हातून सुटतो.

अल्ट्रासोनिक टाकीत, इंजेक्टरला विजेचे ठोके देत साफ केला. ठोके न देता नुसता बुडवला तर सुई उघडत नाही आणि सीटपर्यंत द्रव पोचत नाही. परत चाचणी: गळती कमी झाली, थांबली नाही. नवीन इंजेक्टर मागवला. बाकीचे तीन साफ करून तेच ठेवले.

२१ डिसेंबर: जोडणी

चारही इंजेक्टरना नवीन ओ-रिंग आणि खालचे रबरी गॅस्केट. ओ-रिंगला पेट्रोलचा हलका हात. सिलिकॉन ग्रीस नको, ते पेट्रोलला टिकत नाही आणि सेन्सरलाही चालत नाही. रेलमध्ये बसवल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी डावी-उजवीकडे फिरवून पाहिला. अडकत असेल तर ओ-रिंग पिळली गेली आहे. काढायची, आणि दुसरी नवीन घालायची.

रेलचे बोल्ट टॉर्क रेंचने, मग पंप चालवून दहा मिनिटं जोडण्या कोरड्या आहेत का पाहिलं. कॉक बंद ठेवून थंड चाचणी पुन्हा: ३.२ बार, तासाभराने ३.०.

तेल आणि फिल्टर बदलले, ४.२ लिटर. पेट्रोल मिसळलेलं पातळ तेल बेअरिंगला धोक्याचं. ते तसंच ठेवलं असतं तर उडणारं पेट्रोल क्रँककेसच्या नळीतून परत इनटेकमध्ये येऊन पुढचे ट्रिमही बिघडवत राहिलं असतं.

शेवटचं, पण हायब्रिडमध्ये न विसरण्याजोगं: शिकलेले फ्युएल ट्रिम स्कॅनरने पुसले. साध्या गाडीत ते दोन-चार दिवसांच्या चालण्यात आपोआप सुधारतात. इथे इंजिन आठवड्यात काही मिनिटंच चालतं. उणे ११ टक्के तसेच राहिले असते, चांगले इंजेक्टर असूनही चारही सिलिंडर उपाशी लागले असते, आणि दुरुस्ती फसली असं वाटलं असतं.

२२ डिसेंबर: थंड सुरुवात

आदल्या संध्याकाळी पूर्ण गरम करून ठेवलेली, बाहेर १० अंश. मिसफायर चारही सिलिंडरमध्ये शून्य. १०.५ हर्ट्झचा सुळका मुळापासून गेला. खडखड नाही, म्हणजे डॅम्परकडे जायचं कारण उरलं नाही.

४२ हर्ट्झ अजून तसाच, गाडी उभी असताना सीटमध्ये गुणगुण. त्याचा थोडा भाग नैसर्गिक आहे. कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून संगणक पहिलं मिनिटभर ठिणगी खूप उशिरा देतो. स्कॅनरवर कोन शून्याच्याही खाली दिसत होता, म्हणजे पिस्टन वरून परत फिरल्यावर ठिणगी. उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, आणि जळणं दर पाळीला थोडं कमी-जास्त होतं. तरी इतकी थरथर केबिनपर्यंत पोचायला नको.

२३ डिसेंबर: माउंटिंग

एक त्वरणमापक इंजिनच्या बाजूच्या ब्रॅकेटवर, दुसरा त्याच माउंटिंगच्या बॉडीकडच्या बोल्टवर. डावीकडे ४२ हर्ट्झची थरथर पलीकडे जाताना सहावा हिस्सा उरते. उजवीकडे अर्ध्याहून जास्त. उजवं माउंटिंग हायड्रॉलिक. रबराखाली काळा तेलकट ओघळ, आतला द्रव गेलेला, रबर बसलेलं.

ऑइल पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनचं वजन जेमतेम उचललं आणि माउंटिंग बदललं. बोल्ट आधी हाताने लावून, जॅक उतरवून, इंजिन आपल्या जागी बसल्यावरच शेवटचा टॉर्क दिला. लटकत्या इंजिनवर आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवीन माउंटिंगही थरथर पलीकडे पोचवतं.

सीटच्या रुळावर ४२ हर्ट्झचा सुळका आधीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला.

११ जानेवारी २०२५: फेरतपासणी

सकाळी बाहेर ८ अंश, आदल्या संध्याकाळी गरम बंद केलेली. मिसफायर शून्य, मोड ०६ मधली दहा फेरफटक्यांची ०बी सरासरीही सिलिंडर ३ मध्ये शून्यावर आली. गरम आयडलवर ट्रिम उणे १ टक्का, २,५०० ला अधिक १. तेल वरच्या खुणेवर, वास नाही.

जुना इंजेक्टर कापून भिंगाखाली पाहिला. सुईच्या सीटवर एका बाजूला तपकिरी, लाखेसारखा चिवट थर, नखाने न निघणारा. गरम इंजिन बंद झाल्यावर टोकातल्या पेट्रोलचा हलका भाग उडतो आणि जड भाग तिथेच भाजतो. रोज चालणाऱ्या इंजिनात पुढच्या सकाळी ताजं पेट्रोल ते धुऊन नेतं. इथे तो थर आठवडाआठवडा तसाच कडक होत बसतो. म्हणून या गाडीला पुढे दोन गोष्टी लावून दिल्या: आठवड्यातून एकदा इंजिन सलग अर्धा तास भारावर चालवायचं, आयडलवर नाही, आणि टाकी पूर्ण भरून महिनोनमहिने ठेवण्याऐवजी अर्ध्याच्या आसपास ठेवून पेट्रोल फिरतं राहू द्यायचं. तेलाची पातळी दर महिन्याला पाहायची. ती वर चढताना दिसली तर हादरा येण्याची वाट न पाहता रेलच्या दाबाची तासाभराची चाचणी परत घ्यायची.